मिनिमम फ्यूल

"मिनिमम फ्यूल," कुंदा म्हणाली.

नाइट ड्यूटी संपवून मी नुकता घरात आलो होतो. सकाळचे साडेआठ झाले असतील. एप्रिल अर्धा सरला होता आणि नागपूरचं ऊन एवढ्यातच अंगणभर पसरलं होतं. कुंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एका हातात बाबांचं पिळलेलं फडकं, दुसरा हात चौकटीवर.

"एवढ्यात? मागच्याच महिन्यात तर सिलिंडर आला," मी म्हणालो. "उद्या नंबर लावतो. तोवर स्टँडबाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, हसली. मी डबा ओट्यावर ठेवला, तोंडावर पाणी मारलं, आतल्या खोलीतला कूलर लावला आणि आडवा झालो. झोप लागायला मिनिटही लागलं नाही.

हे आमचं घरातलं बोलणं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी विमानतळावर एअर ट्रॅफिक कंट्रोलर होतो. कानाला हेडफोन लावून पडद्यावरच्या ठिपक्यांना वर जा, खाली या, थांबा, वळा असं सांगायचं, हे माझं काम. दिवसाचे आठ तास ज्या शब्दांत बोलायचो, ते शब्द घरी आल्यावर जिभेवरून उतरत नसत. लग्नानंतर कुंदा पुसदहून आली तेव्हा तिला हे सगळं विचित्र वाटे. तिने विचारलं, "भाजीला मीठ बरोबर आहे का?" तर मी हो म्हणायच्या ऐवजी म्हणे, "अफर्मेटिव्ह." ती रागवायची. मग तीच शिकली. जरा थांब म्हणायचं तर स्टँडबाय, ऐकलं, कळलं म्हणायचं तर रॉजर. बाथरूममध्ये कोणी असलं की बाहेरचा माणूस होल्डिंगवर. दोनदा हाका मारूनही आतला निघाला नाही, तर गो-अराउंड, म्हणजे परत फिरून नंतर यायचं. पोळ्या तव्यावर आल्या की जेवण फायनलवर. रात्री किती जण जेवायला आहेत हे ती "सोल्स ऑन बोर्ड किती?" असं विचारायची. विमान अडचणीत आलं की आम्ही आत किती जीव आहेत ते विचारतो, त्यातलंच ते. आमची मुलगी ऋता बोलायला लागली तेव्हा आईबाबांच्या नंतर तिने रॉजर म्हटलं, असं आम्ही सगळ्यांना सांगत असू. पाहुणे हसायचे. शेजारच्या वैरागडे वहिनी म्हणायच्या, "तुमच्या घरी आलं की विमानात बसल्यासारखं वाटतं."

मिनिमम फ्यूलचा आमच्या घरातला अर्थ होता, काहीतरी संपत आलंय. गॅस, दूध, कधी चहापत्ती.

मी उठलो तेव्हा सव्वाचार वाजले होते. बाबांच्या खोलीतून आवाज येत होता. "हो... हो... हो."

बाबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एकच शब्द उरला, हो. भूक लागली तरी हो, पाठ दुखली तरी हो, नको असलं तरी हो. जन्मभर गिरणीत जॉबर म्हणून दीडशे माणसांना ओरडून कामाला लावलेला माणूस तो. त्या एका शब्दाचे सगळे अर्थ फक्त कुंदाला कळायचे. त्यांच्यासाठीच तिने मुलींच्या शाळेतली शिवणाची नोकरी सोडली होती. सोडली म्हणजे बिनपगारी रजा घेतली आणि ती वाढवत गेली.

"कुंदा," मी हाक मारली. "बाबा बोलावताहेत."

पुन्हा एक हाक मारली. मी उठून गेलो. स्वयंपाकघर पुसून लखलखीत केलेलं होतं. मागच्या दाराला आतून कडी. ओट्यावर वाटीखाली वहीचं एक पान होतं.

ड्यूटी बदलताना आम्ही कंट्रोलर पुढच्या माणसाला सगळं लिहून, समजावून देतो. कोणतं विमान कुठे आहे, कोणाला काय सांगितलंय, काय बाकी आहे. त्याला हँडओव्हर म्हणतात. ते पान तसं होतं.

"१२.३० वरणभात मऊ करून दिला. अर्धी वाटी खाल्ला. १ वाजता कपडे बदलले. २ वाजता डाव्या कुशीवर केलं. ४ वाजता उजव्या कुशीवर करायचं. ५ वाजता पांढरी गोळी अर्धी, कुटून, मधातून. कंबरेच्या वरची जखम भरत आलीय, पावडर टाकायची, पट्टी नाही. दुधात साखर नको. मी मालूताईकडे जाते आहे. कुंदा. १४१०."

शेवटी वेळ टाकली होती, मी लॉगबुकात टाकतो तशी.

मी ते पान तीनदा वाचलं. मग घड्याळ बघितलं. चार वाजता कूस बदलायची होती, वीस मिनिटं उलटली होती.

मालूताई म्हणजे कुंदाची मोठी बहीण, यवतमाळला असते. संध्याकाळी मी तिकडे फोन लावला.

"पोचली का?"

"पोचली," मालूताई म्हणाल्या.

"द्या ना तिला."

"झोपली आहे."

"आत्ता? सात वाजता?"

"आली, पाणी प्यायली आणि झोपली. साडीसुद्धा बदलली नाही." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मनोहरराव, काय झालं हो?"

"काही नाही. काहीच झालं नाही. पण मला न सांगता गेली. बाबा घरात असे, मी झोपेत. काही झालं असतं म्हणजे?"

"सांगून आली म्हणते. तुम्हाला हलवून विचारलं म्हणे, बाबांकडे बघाल ना? तुम्ही म्हणालात, रॉजर."

म्हणालो असेन. झोपेतही तो शब्द माझ्या तोंडून निघायचा, त्याला मी जागा असावं लागत नसे.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात फोन करून आठ दिवसांची रजा टाकली. मनात होतं, दोन दिवसांत येईल.

दोन वर्षांत मी बाबांचं काहीच केलं नव्हतं असं नाही. मी डॉक्टर आणले होते, हवेची गादी आणली होती, औषधांची चिठ्ठी खिशात ठेवून दुकानं पालथी घातली होती. पण त्यांच्या अंगाला मी हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी मी त्यांना साफ करायला घेतलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. चांगला हात चेहऱ्यावर घेतला. "हो," ते म्हणाले. "हो, हो." मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला कळेना, थांबू की उरकून टाकू. मी उरकलं. मग बाहेर येऊन नळाखाली हात धुतले आणि बराच वेळ पाणी तसंच चालू ठेवलं.

दर दोन तासांनी कूस. माणूस अर्धाच हलतो, पण वजन सगळं असतं. कसं धरायचं हे मला येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी माझी कंबर धरली. भात कधी फार पातळ, कधी ठसका लागेल असा. गोळी कुटताना अर्धी सांडली, की किती पोटात गेली याचा हिशेब लागेना. कपडे वाळत घालून येईतो पुन्हा ओले. रात्रभर मी कान तिकडे लावून पडायचो आणि पहाटे डोळा लागला की नेमका तो "हो" यायचा.

चौथ्या दिवशी दुपारी मी बाथरूममध्ये बादलीसमोर बसलो होतो. कपडे भिजवले होते आणि ते घासायला हात उठत नव्हता. झोप आली नव्हती, रडू आलं नव्हतं, राग तर नव्हताच. नुसता बसलो होतो. तेव्हा मला ते आठवलं.

आमच्या कामात मिनिमम फ्यूलचा अर्थ, काहीतरी संपत आलंय, एवढाच नसतो. वैमानिक जेव्हा तो शब्द उच्चारतो तेव्हा तो मदत मागत नसतो. मला आधी उतरवा असंही म्हणत नसतो. तो एवढंच सांगतो, की आत्तापर्यंत तुम्ही मला जेवढं थांबवलंत तेवढं थांबलो, आता यापुढे उशीर झाला तर माझ्याच्याने निभणार नाही. ते ऐकल्यावर कंट्रोलरने काय करायचं हे मी नव्या पोरांना वर्गात शिकवत असे. एक गोष्ट करायची नाही, असं मी फळ्यावर खडूने लिहून दाखवत असे. त्याला स्टँडबाय म्हणायचं नाही.

बाहेर दाराची बेल वाजली.

भोयर आला होता. माझ्या हाताखालचा कंट्रोलर, तिशीतला, वर्षभरापूर्वी बदलून आलेला. हातात डबा होता. मला बघून तो जरा चमकला. माझी दाढी वाढलेली, बनियन पाण्याने भिजलेलं.

"सर, रजेचं कळलं. वहिनी माहेरी गेल्या का? बायकोने डबा दिलाय."

"बस," मी म्हणालो. "बाळ कसं आहे?"

"मस्त. आता रात्री झोपतं." तो खुर्चीत बसला. "सर, तुमचे फार उपकार झाले बघा. गेल्या महिन्यात पाच आणि या महिन्यात चार, माझ्या नऊ नाइट तुम्ही केल्या. मी मागितल्यासुद्धा नव्हत्या. बायको म्हणाली, सरांना नुसतं ऑफिसात थँक्यू म्हणून कसं चालेल, घरी फोन करा. म्हणून सोमवारी मी केला. तुम्ही झोपला होतात. वहिनींनाच सांगितलं मग."

कुंदा गेली तो सोमवारच होता. "सोमवारी किती वाजता?" मी विचारलं.

"अकराचा सुमार असेल. का हो सर?"

"काय सांगितलंस?"

"हेच. की सरांनी आपणहून माझ्या ड्यूट्या मागून घेतल्या. वहिनी म्हणाल्या, हो का? बरं केलं. बाळाची चौकशी केली." तो माझ्या तोंडाकडे पाहू लागला. "काही चुकलं का माझं?"

"नाही," मी म्हणालो. "तुझं काही चुकलं नाही."

घरी मी सांगत असे, डबल ड्यूटी लागली. कधी म्हणे, आज पण नाइट लागली, काय करणार. ती डबा भरून द्यायची. खरी गोष्ट अशी होती की मला घरी यायचं नसे. मला काही त्या कामाचा मोठा उत्साह होता असं नाही, पन्नाशीच्या जवळ आलो होतो, माझेही डोळे त्या पडद्यासमोर जळजळायचे. पण तिथे प्रत्येक गोष्ट संपायची. विमान माझ्या हद्दीत येई, मी त्याला सांभाळून पलीकडे देई, पलीकडचा त्याला घेई आणि ते माझ्या पडद्यावरून जाई. आठ तासांनी दुसरा माणूस येऊन माझ्या खुर्चीत बसे. घरी संपणारं काहीच नव्हतं. म्हणून मी भोयरच्या नाइट मागून घेतल्या. त्याच्या आधी दुसऱ्या दोघांच्या घेतल्या होत्या. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नीटसं नाही.

"भोयर," मी म्हणालो, "उद्या तुला सुट्टी आहे ना? दिवसभर इथे थांबशील? मी शिकवतो तुला काय काय करायचं ते."

"थांबतो की सर. काकांचंच तर करायचं. माझ्या आजोबांचं मी केलंय सगळं."

बाबांना उचलून कसं धरायचं, ते मला त्याने शिकवलं.

यवतमाळला मी दुपारी बाराला पोचलो. मालूताईंनी दार उघडलं, पाणी दिलं आणि मागच्या अंगणाकडे बोट दाखवलं. त्या स्वतः पुढच्या खोलीतच राहिल्या.

कुंदा चिंचेच्या सावलीत खुर्ची टाकून बसली होती. हातात काही नव्हतं. पुस्तक नाही, निवडायला भाजी नाही. चोवीस वर्षांच्या संसारात मी तिला अशी मोकळ्या हाताने बसलेली पाहिली नव्हती. केस धुतलेले होते. डोळ्यांखालचं काळं तसंच होतं.

"बाबांजवळ कोण आहे?" तिने विचारलं.

"भोयर."

"जखम?"

"भरली. सुकली आता."

तिने मान हलवली. मी उंबऱ्यावरच बसलो. काय बोलायचं ते बसमध्ये साडेतीन तास जुळवत आलो होतो, त्यातलं काही आठवेना.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "मला वाटलं, सिलिंडर."

"मला कळलं ते. तुम्ही बोललात तेव्हाच कळलं."

"मग सांगायचं ना, की सिलिंडर नाही, मी."

तिने मांडीवर पडलेलं चिंचेचं पान झटकलं.

"निदान मेडे म्हणायचंस," मी म्हणालो. मेडे म्हणजे जीव धोक्यात आहे, सगळं सोडून धावा. आमच्या घरात तो शब्द झुरळ दिसलं तरी वापरला जायचा.

"तुम्हीच सांगत होतात ना जेवताना? वैमानिक मेडे म्हणायला का कचरतात ते? म्हटलं की सगळे धावून येतात, आणि उतरल्यावर चौकशी बसते. तुझं काय चुकलं, इंधन पुरेसं का घेतलं नाहीस." तिचा आवाज चढला नव्हता. ती वाचून दाखवल्यासारखं बोलत होती. "मी मेडे म्हटलं असतं तर भिलाईहून तुमचे भाऊ आले असते. मालूताई आली असती. ऋता पुण्याहून परीक्षा सोडून आली असती. आणि सगळ्यांनी मिळून विचारलं असतं, बाकीच्या बायका करतात, तुझ्याच्याने का झालं नाही?"

"मी नसतं विचारलं."

"तुम्ही घरी तरी असता का?"

कौलावर एक कावळा बसला होता, तो उडून गेला. मी म्हणालो, "कुंदा, त्या ड्यूट्या..."

"माहीत आहे."

"भोयरचा फोन."

"भोयरांचा फोन आला म्हणून खात्री झाली. माहीत आधीपासून होतं. लागलेल्या ड्यूटीला माणूस कुरकुरत जातो. तुम्ही घाईने जायचात."

"मग भांडली का नाहीस?"

"भांडायला अंगात काही शिल्लक लागतं हो."

आत मालूताईंनी भांड्यांचा आवाज केला आणि मग तो थांबवला.

"मी येणार आहे," कुंदा म्हणाली. "घर सोडून आले नाही मी. पण आणखी पंधरा दिवस मला झोपायचंय. आणि आल्यावर मला शाळेत जायचंय. हेडबाईंना मी पत्र टाकलंय, जूनपासून घेतलं तर बरं. दिवसा एक बाई ठेवा बाबांसाठी. बाकीचं तुम्ही आणि मी, निम्मं निम्मं. दुसऱ्याची नाइट घ्यायची नाही."

"नाही घेणार."

"आणि अजून एक."

"बोल."

"घरी आता ते बोलणं नको. रॉजर आणि फायनल आणि ते सगळं."

मला हे अपेक्षित नव्हतं. "का गं? तुला आवडायचं ना?"

"आवडायचं. नवीन होते तेव्हा फार आवडायचं. वाटायचं, तुमच्या कामात मलाही थोडी जागा दिलीत." ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "त्या दिवशी सकाळी मी दारात उभी राहून शब्द शोधत होते. तुम्हाला सांगायचं होतं की मी दमले आहे. दमले म्हणजे कामाने दमतात तशी नाही, आतून. तुमच्या त्या बोलण्यात त्याला शब्दच नाही. आणि आपलं साधं मराठी बोलायची सवय आपली दोघांची मोडलेली. मिळाला तो शब्द म्हटला. तुम्ही सिलिंडर समजलात. तुमचंही काय चुकलं?"

त्या क्षणी माझ्या तोंडात एकच शब्द आला होता आणि तो आता चालणार नव्हता. म्हणून मी नुसती मान हलवली. चारच्या बसने परत निघालो, कारण आठला बाबांची कूस होती आणि भोयरला घरी जायचं होतं.

मी रजा वाढवून घेतली. ती अठराव्या दिवशी आली. तिच्यासाठी मी स्टँडवर गेलो नाही, कारण बाबांना सोडून जाता येत नव्हतं. रिक्षातून उतरून तीच आली. पहिले काही आठवडे आमच्या घरात फार शांतता होती. मी काही बोलायला तोंड उघडे आणि मध्येच थांबे. साधं "बरं" म्हणायलाही मला आठवावं लागे. ऋता सुट्टीत आली तेव्हा म्हणाली, "तुमचं भांडण झालंय का?" कुंदा म्हणाली, "नाही. आम्ही बोलायला शिकतोय." ऋताला तो विनोद वाटला.

बाबा त्यानंतर चौदा महिने होते. आता त्यालाही वीस वर्षं उलटून गेली. मी निवृत्त झालो. कुंदाही झाली, पण ती शाळेतून निघाली तेव्हा मुलींनी तिला दारापर्यंत सोडायला गर्दी केली होती. त्या काळातलं मला जे आठवतं ते फार मोठं नाही.

जूनमध्ये शाळेचा तिचा पहिला दिवस होता. मला सुट्टी होती. ती साडेपाचला आली आणि आत न जाता व्हरांड्यातच भिंतीला टेकून खाली बसली. मी शेजारी बसलो. ती सांगू लागली. चौदा मशिनींपैकी नऊच चालतात. एका मशिनीचा पट्टा उंदरांनी खाल्लाय. सातवीतल्या एका मुलीला डाव्या हाताने शिवता येतं आणि तिला सगळे उलट्या हाताची म्हणून चिडवतात. हेडबाईंनी मधल्या दोन वर्षांत कपाटाची किल्ली कुठे ठेवली ते कोणालाच ठाऊक नाही. यातलं अर्धं मला कळत नव्हतं. मी विचारत होतो, ती पुन्हा सांगत होती. बोलता बोलता तिचा आवाज हळू झाला, वाक्य अर्ध्यात राहिलं आणि मान कलली.

आतून बाबांनी हाक दिली, "हो."

मी तिच्या पायांतल्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि त्यांची कूस बदलायला आत गेलो.